पातळ माझं, फोटो तुझा

नर्मदे, काल तुझा फोटो भिंतीवर लागला. अंगावर पातळ माझं, नि गळ्यात हार तुझा. आलंगेलं माणूस दारातच थबकतं, डोळ्यांना पदर लावतं नि म्हणतं, "काय गो रूप व्हतं पोरीचं!" पातळ कुणाचं, म्हणून एकीनंही विचारलं नाही. मी तिथेच फोटोखाली असते, चहाच्या कपबशा उचलत.

जळते मी. खोटं कशाला बोलू? मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. पण तू होतीस तेव्हापासूनची ही सवय, दहाव्याला कावळा शिवला म्हणून काय सुटते? आणि कावळासुद्धा तुझ्या पिंडाला आल्या आल्या शिवला. आमच्या तांडेलांच्या, माझ्या नवऱ्याच्या वेळी दुपार कलली तरी फिरकला नव्हता मेला. सगळे म्हणाले, नर्मदेची इच्छा काही राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, कशी राहील? हिला हवं ते सगळं मिळालं.

भिंतीशी बोलताना कुणी बघितलं तर मला वेड लागलं म्हणतील, म्हणून लिहिते. तू सातवी पास, मी चौथीत शाळा सोडलेली. वाचताना हसू नकोस.

मी या घरात थोरली सून म्हणून आले, तेव्हा दोन वर्षं या घरात बाईमाणूस म्हणजे मी नि सासू. मुरबे गावात लोक म्हणायचे, होडीच्या तांडेलाची बायको दिसायला बरी आहे. बरी! तेवढ्यावर मी खूश होते. मग मुकुंदभावजींची बायको होऊन तू आलीस, नि माझं 'बरी' कुठल्या कुठे वाहून गेलं. तुला काहीही शोभायचं. डोक्यावर बोंबलाची पाटी घेतलीस तरी लग्नाची वरात निघाल्यासारखी चालायचीस. बोईसरच्या बाजारात आपण शेजारी शेजारी बसायचो. मासळी एकाच होडीची, एकाच बर्फातली. गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहायचं, भाव मला विचारायचं, आणि घ्यायचं तुझ्याकडून. माझी पापलेटं डोळे वटारून बसलेली असायची.

तेव्हा बोईसरजवळ सरकारी प्रकल्पाचं काम नुकतं सुरू झालं होतं. साताऱ्या-सांगलीकडची माणसं बायकापोरं घेऊन येत होती, हिंदी बोलणारे येत होते. त्या घाटावरच्या बायका मासळीला हात लावायला घाबरायच्या. तू त्यांना बोंबील कसा धरायचा, काटा कसा काढायचा ते हसत हसत शिकवायचीस. त्या तुझ्या मैत्रिणी झाल्या. मी मात्र मान खाली घालून त्यांच्या कमरेकडे बघायची. त्यांची गोल पातळं, त्या एकावर एक बसलेल्या निऱ्या, पाठीवर सोडलेला पदर. मासळीचे वाटे लावता लावता मी त्या निऱ्या मनात घालून बघायची, मोडायची, परत घालायची. कारण माझ्या ट्रंकेत एक पातळ होतं.

निळ्या चिंतामणी रंगाचं, पांढऱ्या बुट्ट्यांचं. माझा बाप मुंबईला मासळी घेऊन गेला होता तेव्हा त्यानं आणलेलं. त्या भोळ्या माणसाला पाच वारी नि नऊ वारी यातला फरक माहीत नव्हता. रंग आवडला, घेऊन आला. आपण जन्मभर कासोटा घालणाऱ्या बायका, ते नेसणार कसं? म्हणून डांबरगोळी घालून ठेवून दिलेलं. अधूनमधून बाहेर काढायची, गालाला लावायची, ठेवायची. हे तुला माहीत होतं. तुला सगळंच माहीत असायचं.

भावजींना प्रकल्पावर नोकरी लागली आणि दारावरच्या पासासाठी फोटो हवा म्हणून ते पालघरला जाऊन आले. तो बोटभर फोटो घरात हातोहात फिरला. तू भावजींच्या हातातून हिसकावून घेतलास नि म्हणालीस, "यांचाच फोटो काय म्हून? आमाला काय तोंडं नायत?"

तांडेल हसले. "पाऊस हाय, होड्या वर काढून शाकारल्यात, हाताला काम नाय. चला, चौघंबी जाऊ पालघरला."

झालं! त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणंच नाही. काय नेसायचं? सासूचं म्हणणं, लाल लुगडं, नाकात नथ, डोक्यात वेणी, कोळणीनं कोळणीसारखं दिसावं. तुझं म्हणणं, लुगडं तर रोजच नेसतो, फोटोला पातळ पायजे. सासू कावली. "कासोटा सोडून फोटो काढनार? उद्या गावानं इचारलं, ह्या कुना मास्तराच्या बायका, तर काय सांगू मी?"

"सांग, माज्या सुना. आदी वळखू तर दे त्यांना," तू म्हणालीस. सासूला उलट बोलून तिलाच हसवायचं तुला जमायचं. मी तसं बोलले असते तर कालथा आला असता अंगावर.

मग तू माझ्याकडे वळलीस. "बाय, तुजं चिंतामनी काढ ना."

 माझं पातळ, मीच अजून अंगाला लावलेलं नाही, आणि ही मागते. पण तू पुढे म्हणालीस, "आदी तू नेस, मग मी. एकच पातळ, दोन फोटो. कोनाला कळतंय?" नाही कसं म्हणू? घरात वाटून खायची रीत. मागच्या खोलीत दार लावून शिकलो आपण. परकर असा काही प्रकार असतो हे आपल्याला कुठे ठाऊक! लुगडं सोडून नुसतं पातळ नेसायचं म्हणजे उघडं पडल्यासारखं वाटे. म्हणून आत लुगडं कासोट्यासकट तसंच ठेवलं, कमरेला जाळ्याचं सूत करकचून आवळलं, आणि त्या सुतात निऱ्या खोवल्या. निऱ्या मी घालायच्या. तू खाली बसून एकेक निरी ओढून सरळ करायचीस. काल मासवणची आत्या फोटो बघून म्हणाली, "अंगानं कशी भरलेली व्हती गो!" मला हसू आलं, मी तोंडाला पदर लावला, लोकांना वाटलं रडते. अगो आत्याबाई, ते अंग नाही, आत नऊ वार लुगडं आहे.

फोटोच्या दिवशी तरीच्या होडीनं खाडी ओलांडली, सातपाटीहून एस.टी. धरली. पातळ माझ्या मांडीवर, फडक्यात बांधलेलं. वाटेत मी एक हुशारी केली. म्हटलं, पहिली जी बसेल तिच्यावर फोटोवाल्याचा हात बसणार, निऱ्या आधी एकदा चुकणार, मग दुसरीचा फोटो झकास येणार. म्हणून मी मोठेपणानं म्हणाले, "आधी तू काढ गो. तू लहान." तू किती खूश झालीस! मला वाटलं, मी जिंकले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तशी गत.

तो म्हातारा गुजराती फोटोवाला आठवतो? मागे पडद्यावर राजवाड्याचा जिना रंगवलेला, पुढे तिवई, त्यावर कागदाची फुलं. तो म्हणाला, "बेन, लाल नेसला असता तर फोटोमधी काळा दिसला असता. हा रंग चोख येणार." ऐकलं नि माझी छाती फुगली. माझा रंग! तू जिन्यापुढे उभी राहिलीस, तिवईवर हात ठेवलास. त्यानं दिवे लावले. भावजी बघतच राहिले, त्यांचं ठीक, त्यांची बायको. पण आमचे तांडेल, जे माझ्याकडे बघून कधी चांगलं-वाईट बोलले नाहीत, ते म्हणाले, "आरं मुकुंदा, तुजी बायको तर रानी दिसते!"

माझ्या पातळात. माझ्या निऱ्यांत. माझ्याच नवऱ्यानं म्हणावं? नर्मदे, ते वाक्य माझ्या घशात अजून काट्यासारखं आहे. भाताचा गोळा गिळून जाणारा तो काटा नाही.

मग पडद्यामागे तू उतरवलंस, मी नेसले. त्या दिवशी निऱ्या अशा पडल्या, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. तू खाली बसून शेवटची निरी ओढलीस, पदर पिनेनं लावलास. तांडेल काय म्हणतील ते ऐकायला माझे कान टवकारलेले. मी पाऊल उचललं नि दिवे गेले.

आत काळाकुट्ट अंधार. फोटोवाला म्हणाला, लाइट कधी येईल, देवाला ठाऊक. थांबलो. मी पडद्यामागे ताठ उभी, बसले तर निऱ्या मोडतील म्हणून. शेवटी तांडेलांनी बाहेरून हाक दिली, "चला गो, ओहोटी लागली तर होडी चिखलात रुतंल! पुन्यांदा येऊ. पालघर काय पळून जातंय?"

मला रडू फुटलं. कुणी बघितलं नाही, दिसणार कसं? तेव्हा तू बाहेर गेलीस, तांडेलांची काड्यापेटी मागून आणलीस, आणि काडी ओढलीस. एकच काडी उरली होती तिच्यात. ती वर धरून तू मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलंस, नि म्हणालीस, "बाय, माज्यापेक्षा तू चांगली दिसतेस गो. देवाशप्पत." मग बोट भाजलं, काडी पडली.

त्या पातळात मला बघितलेलं माणूस म्हणजे तू एकटी. आरशात मीसुद्धा नाही. तांडेलांनी तर नाहीच. ते म्हणाले तसं पालघर पळून गेलं नाही, तेच गेले. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच वाऱ्यानं होडी उलटली. बाकीचे पोहत आले, तांडेल आले नाहीत. भावजी त्या दिवशी प्रकल्पाच्या दारावर कोरड्या अंगानं उभे होते, पास छातीला लावून. त्यांच्यात वाईट काहीच नव्हतं. पण तू त्यांना पोटाशी धरून रडलीस, नि मला वाटलं, हिला धरायला अंग तरी आहे.

माझं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, चिंतामणी ट्रंकेच्या तळाशी गेलं. तू मागे लागलीस. बाजारातून येताना, तांदूळ निवडताना, सारखं एकच. "बाय, चल ना पालघरला. तुजा फोटो ऱ्हायलाय."

"मोकळ्या कपाळाचा फोटो कुनाला पायजे?"

"फोटोत कुंकू लाल थोडंच दिसतं? काळंच दिसतं. काजळाचा ठिपका लाव. कोनाला कळनार हाय?"

तुला सांगते, मला असा राग आला! ज्याचं जळतं त्याला कळतं. हिचं कपाळ भरलेलं, हिला काजळ सुचतं. मी टोपली उचलली नि चालू लागले. तू मागून हाका मारत राहिलीस. कितीतरी दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. मग बोलायला लागले, पण तो विषय काढला नाही. तूही काढला नाहीस. भांडण तिथंच राहिलं, शाकारलेल्या होडीसारखं. तुझ्या त्या सल्ल्यात थट्टा होती की माया, ते मी तुला विचारणार होते. आज विचारू, उद्या विचारू करत राहिले.

आणि तू कावीळ पोटात घेऊन बसलीस. हळदीसारखी पिवळी झालीस, तरी बघायला येणाऱ्या बायका म्हणत, काय तेज आलंय तोंडावर! बघ, आजारपणसुद्धा तुला शोभलं.

गेलीस ती सवाशीण गेलीस. गावातल्या बायकांनी खणानारळानं तुझी ओटी भरली, मळवट भरला, हिरव्या बांगड्या घातल्या. म्हाताऱ्या म्हाताऱ्या बायका तुझ्या पाया पडल्या. "भाग्याची गो, नवऱ्याच्या मांडीवर गेली." मी उंबऱ्याबाहेर उभी. ओटीला मी चालत नाही, कुंकवाला मी चालत नाही. आतून तुझं भाग्य ऐकत होते. माझ्यामागून आलीस नि माझ्याआधी गेलीस, आणि जाताना जे नेलंस ते मला या जन्मी मिळणार नाही. एवढी मी तुझ्यावर कधीच जळले नव्हते, फोटोच्या दिवशीही नाही.

बायका लुगडं नेसवायला लागल्या, तेव्हा भावजी दाराशी आले. रडून आवाज बसलेला. म्हणाले, "तिनं सांगितलंय, मला पातळ नेसवा. आनि निऱ्या बायच घालील, दुसऱ्या कुनी हात लावायचा नाय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक बोललीच, "सवाशिनीला ही नेसवनार?"

सासू कोपऱ्यातून उठली. "जितेपनी तिनंच नेसवलं. आता बी तीच नेसवील. ज्यांना चालत नसंल त्यांनी अंगनात बसा." आणि मला म्हणाली, "जानके, ये आत."

भावजींनी हिरवं पातळ आणवलं होतं. माझ्या ट्रंकेत चिंतामणी होतं, हे सासूला माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी ट्रंकेकडे बघितलं नाही. नाही दिलं, नर्मदे. फोटोत घेतलंस तेवढं पुरे. हिरवंच नेसवलं. पण कमरेला जाळ्याचं नवं सूत बांधलं, आपल्यासारखं, नि त्यात निऱ्या खोवल्या. तू उभी नव्हतीस, म्हणून निऱ्या सरळ पडेनात. एकेक हातानं दाबून बसवली. मग मी रडले. तोवर नव्हते रडले.

आता आजचं सांगते. सकाळी भावजी कामावर गेले, सासू ओट्यावर सुकट निवडत बसली, आणि मी ट्रंक उघडली. घडीवर पांढरी रेघ पडली आहे, पण रंग तसाच. आत लुगडं, वर सूत, वर पातळ. नेसत होते नि एकीकडे तुझ्याकडे बघत होते, भिंतीवर. निऱ्या धड बसेनात. खालून ओढायला कुणी नाही. मी वाकले की वरून सुटत, वर धरल्या की खालून फुगत. तुला दोन शिव्या घातल्या.

मागे वळले तर दारात सासू, हातात सूप.  विधवा सून भरदिवसा बुट्ट्यांचं पातळ नेसून उभी! वाटलं, आता सूप येतंय डोक्यात.

तिनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत कण्हत माझ्या पायाशी बसली, नि एकेक निरी ओढायला लागली. कासोट्यावरून तुला बोलणारी ती बाई! ओढता ओढता म्हणाली, "फोटो काढायचा तर काढून टाक एकदाचा. भरती बघून निघू. काजळाची डबी घे बरोबर."

काजळाचं तिला कुणी सांगितलं? मी नाही. म्हणजे तू तिच्या कानावरही घातलं होतंस, आणि तिनं इतके दिवस पोटात ठेवलं होतं. माझ्या भांडणाचं उत्तर तिथं मिळालं मला. थट्टा नव्हती ती.

पण स्वभावाला औषध नाही ना. निऱ्या बसल्या, पदर लागला, सासूनं मागे सरून बघितलं, आणि मला राहवेना. तुझ्या फोटोकडे बोट करून मी विचारलं, "आये, खरं सांग. कोन चांगली दिसते? ती का मी?"

सासूनं तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिनं उभ्या जन्मात कुणाचं मन राखलेलं नाही.

"ती," म्हणाली. "तू हल नको, पदर घसरतोय."

तर खरं काय ते आज कळलं, नर्मदे. त्या दिवशी काडी हातात धरून तू देवाची शपथ घेऊन खोटं बोललीस. परवा मी पालघरला जाऊन जिन्यापुढे उभी राहीन, तो म्हातारा दिवे लावील, फोटो चोख येईल, तुझ्या शेजारीच लावीन. पण माझ्यासाठी खोटं बोलणारं माणूस आता या घरात उरलं नाही.